ब्रॉथमध्ये कॅल्शियम किती होतं?

निओस्पोरिनची पावडर बहुतेक घरांत असतेच. पोरगं सायकलवरून पडलं की आई गुडघा धुते आणि वरून ती भुरभुरवते. डबीवरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. मी वाचते, कारण माझं पोटच त्यावर चालतं: इंदूरमधल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजी सांभाळते, म्हणजे दिवसभर लोकांच्या लघवी-रक्त-पुवातले जिवाणू वाढवायचे आणि ते कशाने मरतात ते बघायचं. तर त्या डबीवर तीन नावं असतात. निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रॅसिन झिंक. यातली शेवटची दोन पेप्टाइडं आहेत. अमिनो आम्लांच्या छोट्याशा साखळ्या, जिवाणूंनीच दुसऱ्या जिवाणूंचा काटा काढायला तयार केलेल्या.

गंमत अशी, की एकाच डबीत नांदणाऱ्या या दोघांचं धातूंशी नातं अगदी उलटं आहे. बॅसिट्रॅसिनला जस्त लागतं. जिवाणूची भिंत बांधताना तिचा माल आतून बाहेर पोचवणारा एक स्निग्ध रेणू असतो. माल उतरवला की त्याच्या टोकाला दोन फॉस्फेट उरतात. बॅसिट्रॅसिन जस्ताला मधे घेऊन त्या फॉस्फेटांना असं आवळून धरतं की तो रेणू पुन्हा कामावर जाऊच शकत नाही. जस्त काढून घ्या, पकड सुटते. पॉलिमिक्सिनचं उलट. त्याला धातूंची मदत तर नकोच, शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच्या आडवे येतात.

आज हे लिहायला बसले ते भाच्यामुळे. तो इथेच बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतोय. प्रोजेक्टसाठी बेडकाच्या त्वचेतल्या एका पेप्टाइडाची नक्कल बाहेरून बनवून मागवली होती. इवलीशी कुपी, तळाला चिमूटभर पांढरं काहीतरी, आणि किंमत ऐकून माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला होता. त्यावर दोन द्रवांत प्रयोग चालले होते: बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं साधं द्रावण, आणि ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचं पातळ खाद्य. परवा रात्री त्याचा फोन.

"मावशी, माझं पेप्टाइड मेलं."

"म्हणजे?"

"बफरमध्ये ई. कोलाय सगळे साफ. ब्रॉथमध्ये टाकलं की काहीच नाही, मस्त ग्रोथ येते."

"ब्रॉथ कोणता?"

"म्युलर-हिंटन. लॅबमध्ये सगळे तोच वापरतात."

"कॅल्शियम-मॅग्नेशियम किती होतं त्यात?"

पलीकडे शांतता. मग, "ते मोजायचं असतं?"

आता पोराचा यात काय दोष. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण हा प्रश्न इतका मूळचा आहे की तो न विचारता छापून आलेले पेपर बघितले की माझा जीव वरखाली होतो.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं. त्यात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू खेटून उभे असतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी फॉस्फेट, म्हणजे ऋण भार. सारखे भार शेजारी-शेजारी टिकत नाहीत, एकमेकांना ढकलतात. त्यांना धरून ठेवतात ते मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन, दोन-दोन धन भारांचे. जुन्या वाड्याच्या भिंतीत दगडांमधे चुना असतो, तसं. पेप्टाइड स्वतः धन भाराचं असतं, लायसिन आणि आर्जिनिन ठासून भरलेलं. ते येतं आणि नेमकी त्या मॅग्नेशियमची जागा बळकावतं. आकाराने ते कितीतरी मोठं, त्यामुळे आवरण त्या ठिकाणी फाकतं, चिरा पडतात आणि पेप्टाइड आत घुसतं. पॉलिमिक्सिन आणि त्याचं सख्खं भावंड कोलिस्टिन दोघंही असंच करतात, भाच्याच्या बेडकाचं पेप्टाइडही बऱ्याच अंशी असंच.

म्हणजे ही सगळी जागेची मारामारी आहे. बाहेर मॅग्नेशियम-कॅल्शियम भरपूर असेल तर एक आयन उठला की दुसरा येऊन बसतो, पेप्टाइडाला फट मिळत नाही. बाहेर काहीच नसेल तर रान मोकळं. भाच्याचा बफर म्हणजे 10 मिलिमोलर फॉस्फेट, बास. त्यात ना मॅग्नेशियम, ना कॅल्शियम, ना धड मीठ. अशा पाण्यात पेप्टाइड मर्दुमकी गाजवणारच.

मिठाचंही सांगते. सोडियमला एकच धन भार, त्यामुळे एकास एक धरलं तर तो मॅग्नेशियमपुढे दुबळा. पण रक्तात सोडियम असतं लिटरला 140 मिलिमोलच्या आसपास, संख्येच्या जोरावर तोही अडवतो. आपल्या स्वतःच्या शरीरातलं 37 अमिनो आम्लांचं एलएल-37, तसंच डिफेन्सिन गटातली काही पेप्टाइडं, पातळ बफरमध्ये जितकी जोरकस दिसतात तितकी रक्ताइतक्या खारट द्रवात उरत नाहीत. हे काही नवं ज्ञान नाही, निदान 1990च्या दशकापासून माहीत आहे.

म्हणून आमच्याकडे ब्रॉथ करणं हा नुसता पावडर उकळण्याचा प्रकार नसतो. म्युलर-हिंटनची पावडर तयार होते मांसाचा अर्क आणि केसिनपासून, तेव्हा प्रत्येक खेपेच्या डब्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं इकडेतिकडे. पूर्वी याचा त्रास प्रकर्षाने जाणवला तो स्यूडोमोनास आणि जेन्टामायसिनच्या टेस्टमध्ये: तोच जिवाणू, तेच औषध, पण एका लॅबमध्ये मरतोय आणि दुसरीत जगतोय. तेव्हापासून दोन्ही आयन ठरावीक मापात आणण्याची शिस्त लागली. कॅल्शियम लिटरला 20 ते 25 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 10 ते 12.5.

त्यासाठी दोन साठे करून ठेवायचे. 100 मिलिलिटर पाण्यात 3.68 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, आणि दुसऱ्या बाटलीत 8.36 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. म्हणजे दोन्हींत मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम धातू. फिल्टरमधून गाळायचे आणि ऑटोक्लेव्हमधून निघालेला ब्रॉथ चांगला गार केल्यावरच थोडे थोडे घालायचे. श्रावणात हे काम करून बघा. कॅल्शियम क्लोराइडची बरणी उघडून काट्यावर घालेपर्यंत दाण्यांना पाणी सुटायला लागतं, स्पॅच्युलाला चिकट थर बसतो आणि काट्यावरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत वर चढत जातो. मुकाट्याने आलेला ओलावा कॅल्शियम म्हणून मोजला जातो! मी तर पावसाळ्यात नवी सीलबंद बाटलीच उघडते आणि लगेच साठा करून घेते. पाणीही डिस्टिल्डच. नळाला नर्मदेचं येतं तोवर ठीक, पण आमच्या बिल्डिंगीत उन्हाळ्यात बोअरिंग चालू झालं की गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो हाच ऐवज. त्या पाण्यात ब्रॉथ केला तर कोलिस्टिनचा रिपोर्ट कुणाच्या भरवशावर द्यायचा?

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "मग कॅल्शियम वाईटच की."

नाही ना. इथे मी त्याला डॅप्टोमायसिन सांगितलं, कारण यासारखा नमुना दुसरा नाही. तुर्कस्तानातल्या अरारात पर्वताच्या मातीतून सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या एका जिवाणूने हे बनवलं. 13 अमिनो आम्लं, त्यातल्या दहांचं कडं, आणि मागे मेदाम्लाची शेपटी. बाकीच्यांसारखं हे धन भाराचं नाही, याच्यावर एकूण भार ऋण. ज्या पेशीपटलावर जाऊन बसायचं तेही ऋण. मग दोघांची भेट व्हावी कशी? मधे कॅल्शियम लागतं. कॅल्शियम असेल तर डॅप्टोमायसिन स्टॅफिलोकॉकसच्या पटलात रुततं, त्याचे रेणू गटागटाने जमतात आणि पटलाचा कारभार कोलमडतो. कॅल्शियम नसेल तर ते ढिम्म.

म्हणून डॅप्टोमायसिनची टेस्ट नेहमीच्या ब्रॉथमध्ये चालत नाही, कॅल्शियम लिटरला 50 मिलिग्रॅमपर्यंत वाढवावं लागतं. हा 50चा आकडा कुठून आला? तुमच्या रक्तातून. मागच्या तपासणीचा कागद काढून बघा, कॅल्शियम डेसिलिटरला 9.4 वगैरे लिहिलेलं असेल. म्हणजे लिटरला 94 मिलिग्रॅम. त्यातलं साधारण निम्मं प्रथिनांना चिकटलेलं वगैरे असतं, मोकळं फिरतं ते उरलेलं निम्मं. आलं की नाही पन्नासच्या जवळ? टेस्टमधला आकडा माणसाच्या रक्ताशी इतका सरळ जुळलेला फार क्वचित सापडतो, आणि मला तो फार आवडतो. (आवडण्यासारखं काय त्यात, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं.) या औषधाला अमेरिकेत 2003 साली मान्यता मिळाली. फुप्फुसात मात्र ते कामाचं नाही. तिथल्या सर्फॅक्टंटमध्येच, म्हणजे आतून पसरलेल्या स्निग्ध थरात, ते अडकून पडतं, कॅल्शियम असून उपयोग शून्य.

म्हणजे एकच कॅल्शियम. कोलिस्टिनचा वैरी आणि डॅप्टोमायसिनचा सोबती. त्यामुळे "या पेप्टाइडाने इतक्या प्रमाणात जिवाणू मारले" हे वाक्य माझ्या लेखी अर्धवट आहे. कशात मारले, ते आधी सांगा. बफरमध्ये सगळंच मरतं. दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर येतं, अमुक बेडूक, तमुक माशी, विंचवाचं विष, "अँटिबायोटिकला पर्याय सापडला". मूळ पेपर उघडून पद्धतीचा भाग वाचावा तर बहुतेकदा पातळ बफर निघतो, नाहीतर ब्रॉथचं नुसतं नाव. बेडकाच्या पेप्टाइडांची गोष्ट तशी खरीच सुंदर आहे. 1987 साली मायकल झॅसलॉफ यांनी आफ्रिकन बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन शोधलं, कारण त्यांच्या लक्षात आलं की पोट चिरून शिवलेले बेडूक टाकीतल्या घाण पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. त्यावरून पुढे मधुमेही पायाच्या जखमांसाठी पेक्सिगॅनन नावाचं मलम तयार झालं आणि 1999 साली अमेरिकेत त्याला मान्यता नाकारली गेली. चालू औषधांपेक्षा सरस ठरलं नाही, हे कारण; ते काही मी मॅग्नेशियमच्या माथी मारणार नाही. पण परीक्षानळीपासून पायाच्या जखमेपर्यंतचं अंतर किती, ते यावरून समजावं.

शरीराने मात्र हा हिशोब केव्हाच करून ठेवलेला आहे, आणि तो वाचताना मला खरोखर मजा येते. घाम घ्या. 2001 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या लोकांनी घामात डर्मसिडिन सापडल्याचं जाहीर केलं. घाम खारट, वर किंचित आम्लधर्मी. धन भाराच्या पेप्टाइडांना तिथे जड जातं. डर्मसिडिनचं घामातलं रूप 48 अमिनो आम्लांचं आणि एकूण भाराने ऋण, आणि त्याला जोडीला लागतं जस्त. जस्ताने बांधलेल्या त्याच्या साखळ्या सहा-सहांच्या जुडग्याने जिवाणूच्या पटलात नळी तयार करतात. ही रचना 2013 मध्ये दिसली. मे महिन्यात राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत चालत गेलं की पाठीवरून जे ओघळतं त्यात हे सगळं चाललेलं असतं.

थुंकीतही आहे. हिस्टॅटिन-5, अमिनो आम्लं 24, त्यांतली 7 हिस्टिडिन. हिस्टिडिन म्हणजे जस्त-तांब्याला हात देणारं अमिनो आम्ल. शिवाय याच्या सुरुवातीच्या तीन जागा, तिसऱ्या जागी हिस्टिडिन, अशी बेचक तयार करतात की तांब्याचा आयन तिथे घट्ट बसतो. तांबं मिळालं की कँडिडा बुरशीवर, म्हणजे कवळीखाली पांढरी साय धरते त्या बुरशीवर, याचा मारा वाढतो. हे मी जेवताना सांगितलं आणि सासूबाईंनी लगेच विजयी मुद्रेने तांब्याच्या लोट्याकडे बोट दाखवलं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू तांब्यामुळे मरतात, हे खरंच आहे, आई. पण ते तांबं प्यायल्याने थुंकीतलं पेप्टाइड धारदार होतं असं काही मी म्हणणार नाही. त्यांनी लोटा भरून ठेवला तो ठेवलाच.

आणि पू. पुवात न्यूट्रोफिल नावाच्या मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच असतो आणि त्यांच्यात कॅल्प्रोटेक्टिन ठासून भरलेलं असतं. हे पेप्टाइड नव्हे, चांगलं मोठं प्रथिन, पण आमच्या गोष्टीत त्याला टाळता येत नाही. ते जिवाणूला थेट भिडत नाही. आजूबाजूचं जस्त आणि मँगनीज गोळा करून बसतं, आणि जिवाणू त्यावाचून उपाशी मरतो. ही पकड घट्ट केव्हा होते? कॅल्शियम मिळाल्यावर. पेशीच्या आत कॅल्शियम नाममात्र, बाहेर हजारो पटींनी जास्त. म्हणजे पेशी फुटून प्रथिन बाहेर पडलं की आपोआप ते कामाला लागतं. आतड्याच्या सुजेसाठी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट करतात ना, ती याचीच. म्हणजे घामात शरीर जस्त हत्यारात घालतं आणि पुवात तेच जस्त लपवतं. जिथे जे जमेल ते.

जिवाणू काय स्वस्थ बसलेत? टायफॉइडवाल्या साल्मोनेलाच्या पटलात फोक्यू नावाचा पहारेकरी असतो. त्याच्यावर मॅग्नेशियम बसलेलं असेपर्यंत तो गप्प. मॅग्नेशियम घटलं किंवा पेप्टाइडाने ते तिथून उठवलं, की तो आत वर्दी देतो आणि जिवाणू बाहेरच्या आवरणातल्या फॉस्फेटांवर धन भाराचे तुकडे चिकटवून घेतो. ऋण भारच कमी, मग पेप्टाइड बसणार कुठे? कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणू बरेचदा असलीच युक्ती करतात. 2015 साली चीनमध्ये एमसीआर-1 हा जीन सापडला तेव्हा सगळे हादरले, कारण हीच युक्ती प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जात होती. आपल्याकडे 2019 मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. उशिरा आली, पण आली.

आणि तरीही आठवड्यातून एखादा फोन असतोच. "मॅडम, आयसीयूत पेशंट आहे, कोलिस्टिनची डिस्क लावून सांगा ना, उद्या सकाळी हवंय." डिस्क म्हणजे औषधाची कागदी चकती; जिवाणू पेरलेल्या अगारच्या जेलीवर ठेवली की औषध पसरतं आणि भोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ दिसतं. कोलिस्टिनची डिस्क लावत नाही, सर. रेणू मोठा आहे, अगारमध्ये पसरतच नाही नीट. संवेदनशील आणि प्रतिरोधी दोघांची वर्तुळं सारखीच दिसतात. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करावं लागतं, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत (वेलमध्ये) औषध कमी कमी करत नेऊन जिवाणू कुठपर्यंत वाढत नाही ते बघणं, मापातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, आणि कोलिस्टिन सल्फेट घेऊन. त्यातही ते प्लेटच्या प्लास्टिकला चिकटतं, म्हणून प्लेटही बघून घ्यावी लागते. समोरचे डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. आयसीयूतल्या माणसाला चुकीचा "सेन्सिटिव्ह" देण्यापेक्षा मला शिव्या परवडतात.

भाच्याला मी आमच्या डायनिंग टेबलवर बसवून प्लेट आखून दिली. एक रांग साध्या पातळ ब्रॉथची, एक मापात कॅल्शियम-मॅग्नेशियम घातलेली, एक त्याच्या दुप्पट मॅग्नेशियमची, एक मिठाची. मग एक मॅग्नेशियमसोबत ईडीटीए घातलेली. ईडीटीए म्हणजे सीबीसीच्या जांभळ्या टोपीच्या नळीत असतं ते. कॅल्शियमला असं पकडतं की त्या नळीतलं रक्त कुणी चुकून दुसऱ्या नळीत ओतलं तर मशीन रुग्णाचं कॅल्शियम जवळपास शून्याला नेऊन ठेवतं. ईडीटीए घातल्यावर पेप्टाइड पुन्हा चालायला लागलं तर गुन्हेगार धातूच. पण नुसतं ईडीटीएही ई. कोलायचं आवरण सैल करतं, तेव्हा पेप्टाइडाशिवायची ईडीटीएची रांग हवीच, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

त्याला जस्ताचीही एक रांग घालायची हौस होती, त्याच फॉस्फेट बफरमध्ये. घाल म्हटलं, आणि काय होतं बघ. फॉस्फेटशी जस्त आणि कॅल्शियम दोन्ही साका धरतात, वेल गढूळ होतो आणि तू त्याला ग्रोथ म्हणून टिपशील. धातू घालायचे असतील तर हेपेससारखा बफर घे. हे त्याने लगेच वहीत लिहून घेतलं, बाकीच्या उपदेशापेक्षा जास्त मनापासून.

शेवटी त्याला एकच अट घातली: थिसिसमधल्या प्रत्येक एमआयसीच्या, म्हणजे वाढ रोखणाऱ्या किमान प्रमाणाच्या, आकड्यासमोर ब्रॉथमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लिहायचं. तो म्हणाला, डिपार्टमेंटच्या तक्त्यात तसा रकानाच नाही. मग वाढव, म्हटलं.